गाडी तीनवर आहे

गाडी मिसिंग मारायला लागली की तिला नेमकं काय झालंय, हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत शेवटी विचारला जातो. तोवर काय बदलायचं हे ठरून गेलेलं असतं. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, आरशातली मागची रिक्षा धूसर होते, पहिला गिअर टाकून निघावं तर पिकअप कुठेतरी अडकून झटक्याने येतो. गाडीने एवढी लक्षणं दाखवली की शेजारी बसलेला "प्लग" म्हणतो, मागच्या सीटवरून "पेट्रोलमध्ये भेसळ" असा आवाज येतो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणीतरी "हल्ली सगळं सेन्सरवर असतं, तो गेला असणार" असं सांगून लिफ्टमध्ये शिरतो आणि रात्री फोनवर मेहुणा इथेनॉलचा विषय काढतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून मेहुण्यांची फार सोय झाली आहे. गाडीचं काहीही दुखलं तरी त्यांना एकच उत्तर पुरतं. या चौघांपैकी एकानेही बॉनेट उघडलेलं नसतं. तरी अधूनमधून त्यांतला एखादा बरोबर ठरतो आणि त्या एका यशावर ही पद्धत पुढची दहा वर्षं चालते. माझं म्हणणं असं की मोटारीच्या दुखण्यांमध्ये मिसिंग हे सर्वांत सरळ रीतीने शोधून काढता येणारं दुखणं आहे आणि तरीही त्याच्यावर पैसा उधळला जातो. त्याचं कारण इंजिनात नाही. सुटा भाग विकत घ्यायची आपल्याला सवय आहे. शोध विकत घ्यायची नाही.

सिलिंडरच्या मागण्या तशा मोजक्या. हवा हवी, इंधन हवं, दोन्हींचं मिश्रण नीट दाबलं जायला हवं आणि अचूक क्षणी ठिणगी हवी. वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, १२ व्होल्टच्या बॅटरीतून कॉईलने वाढवलेला २० ते ४० हजार व्होल्टचा दाब आणि प्लगच्या टोकाशी जेमतेम एक मिलिमीटरची फट, एवढ्यावर सगळा संसार. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरची पाळी दोन फेऱ्यांमागे एकदा येते. म्हणजे न्यूट्रलला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एकेक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो आणि महामार्गावर ३००० फेऱ्यांना हाच आकडा सेकंदाला २५ वर जातो. चार सिलिंडर असतील तर पाळ्या बहुधा १-३-४-२ अशा लागतात. त्यातल्या एकाने काम टाकलं, म्हणजेच मिसिंग सुरू झालं, की चार भोयांच्या पालखीत एकाने दांडीला नुसता हात लावून चालावं तशी गत होते: पालखी पुढे जातेच, पण आतल्या देवाला कळतं. गॅरेजात याला "गाडी तीनवर आहे" म्हणतात. तीन सिलिंडरच्या गाड्यांची कथा आणखी न्यारी. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून आजच्या अनेक छोट्या गाड्यांपर्यंत तीनच सिलिंडर असतात आणि तीन सिलिंडरचं इंजिन जन्मतःच थोडं थरथरतं. तेव्हा त्यातला एक बसला, म्हणजे सरळ तिसरा हिस्सा गेला, तरी मालक शांत असतो. "या मॉडेलला असंच असतं" हे वाक्य त्याने गाडी घेतानाच पाठ केलेलं असतं आणि आता गिअर लिव्हर हातात नाचायला लागला तरी तो तेच म्हणतो.

गाडीला स्वतःला मात्र हे कळलेलं असतं आणि ती तसं सांगतेही. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. या दिव्यावर आपल्याकडे दोन उपचार रूढ आहेत. एक दुर्लक्ष. दुसरा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून दहा मिनिटं चहा पिणं. दुसऱ्याने दिवा विझतो आणि गाडीच्या संगणकाने टिपून ठेवलेला दोषाचा कोडही पुसला जातो, म्हणजे पुरावा जातो आणि दुखणं राहतं. शिवाय दिवा विझल्याचा आनंद दोन दिवस टिकतो, कारण साधं मिसिंग असेल तर बहुतेक गाड्यांचा संगणक गाडीच्या एका चकरेवर विश्वास ठेवत नाही. लागोपाठ दुसऱ्या चकरेतही तोच दोष दिसला तर दिवा लावतो. दिवा स्थिर जळत असेल तर गोष्ट जरा सबुरीची असते. तो लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल एवढ्या प्रमाणात सायलेन्सरकडे निघालंय की वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होण्याच्या बेतात आहे; तेव्हा ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि गाडी हळू बाजूला घ्यावी. लोकांची समजूत याच्या बरोबर उलट असते. स्थिर दिवा म्हणजे गंभीर आणि लुकलुकणारा म्हणजे "अधूनमधूनच लागतो, काळजीचं कारण नाही".

संगणकाला हे कळतं कसं, हे पाहण्याजोगं आहे, कारण पुढचे सगळे गैरसमज तिथूनच निघतात. सिलिंडरच्या आत डोकावायची त्याला काही सोय नसते. क्रँकशाफ्टवर एक दातेरी चक्र असतं. अनेक गाड्यांत ते ६० दात्यांच्या हिशेबाने आखून त्यातले दोन खुणेसाठी वगळलेले असतात. समोर बसलेला सेन्सर दाते मोजतो. सिलिंडर नीट पेटला की शाफ्टला किंचित ढकल मिळते. नाही पेटला की पुढचे दाते क्षणभर रेंगाळतात. कोणाच्या पाळीला रेंगाळले एवढं पाहून संगणक त्या सिलिंडरचं नाव लिहून ठेवतो. म्हणजे हा तर्क आहे, बऱ्यापैकी पक्का, पण तर्कच. खड्ड्यांतून चाकं आपटली की तो धक्का उलट्या वाटेने शाफ्टपर्यंत पोचतो आणि दाते तेव्हाही रेंगाळतात. म्हणून अनेक गाड्यांत चाकांच्या गतीवरून रस्ता खराब आहे हे ओळखून तेवढ्यापुरती मिसिंगची मोजणी थांबवायची व्यवस्था केलेली असते. परदेशात बसून ही व्यवस्था आखणाऱ्या अभियंत्यांच्या डोळ्यांसमोर एखादा तात्पुरता खराब तुकडा असणार. आपल्याकडे पावसाळ्यात काही गाड्यांना घरापासून कचेरीपर्यंत मोजणी सुरू करायला सलग रस्ता कुठे मिळत असेल, हा प्रश्न मला पडतो.

स्कॅनर लावला की पी ०३०२ असा कोड येतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा: ०३०१ म्हणजे पहिला, ०३०२ म्हणजे दुसरा आणि ०३०० म्हणजे संगणकाला एकाचं नाव घेता येत नाही, सगळीकडेच गडबड आहे. एवढ्या या एका आकड्याने अर्धं काम झालेलं असतं. कोड एकट्या दुसऱ्या सिलिंडरचा असेल तर भेसळवाले आणि इथेनॉलवाले दोघंही जवळजवळ बाद झाले. पेट्रोल चारही सिलिंडरना एकाच टाकीतून जातं, त्याला दुसऱ्याशीच वैर धरायचं काही कारण नाही. ०३०० असेल तर मात्र त्यांचं ऐकून घ्यावं लागतं आणि त्यांच्याबरोबर इंधनाचा कमी दाब, इनटेक मॅनिफोल्डच्या फाटक्या पाईपातून शिरणारी चोरटी हवा, असे सगळ्यांना सामाईक असणारे संशयितही तपासावे लागतात. इतका सरळ विचार करायला पदवी लागत नाही. पण स्कॅनरच्या पडद्यावर आकडा उमटला की विचार तिथेच थांबतो. "दुसऱ्या सिलिंडरला मिसफायर दाखवतोय" या वाक्याच्या पाठोपाठ "प्लग आणि कॉईल टाकू" हे वाक्य एका श्वासात येतं आणि ऐकणाऱ्याला ते स्कॅनरनेच सांगितलंय असं वाटतं. स्कॅनरने फक्त घर दाखवलेलं असतं. घरात ठिणगी नाही, की पेट्रोल नाही, की दाब नाही, याबद्दल तो चकार शब्द बोललेला नसतो.

ते बोलून घेण्याची रीत फार जुनी आणि जवळजवळ फुकट आहे: अदलाबदल. हल्लीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉईल असते, बहुधा एका १० नंबरच्या बोल्टने बसवलेली. इंजिन गार असताना दुसऱ्या सिलिंडरची कॉईल काढून तिसऱ्यावर बसवायची आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसायचा, गाडी फिरवून आणायची. आता कोड ०३०३ आला तर दोष कॉईलचा, कारण तिने घर बदललं तसं दुखणंही तिच्याबरोबर राहायला गेलं. कोड दुसऱ्यावरच राहिला तर कॉईल निर्दोष सुटली आणि हजार-दोन हजार रुपये वाचले. यावर गॅरेजातून पहिली हरकत येते ती वेळेची: एकेक गोष्ट बदलत बसलं तर दिवस जाईल. तर एकाच खेपेत दोन गोष्टी बदलाव्यात, पण त्यांना वेगवेगळ्या घरी पाठवावं. दुसऱ्याची कॉईल तिसऱ्याकडे, दुसऱ्याचा प्लग चौथ्याकडे. मग कोड ०३०३ आला तर कॉईल, ०३०४ आला तर प्लग आणि ०३०२ वरच अडून राहिला तर दोघांची माफी मागून पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे आणि दाबाकडे वळायचं. तीन सिलिंडरच्या गाडीतही पहिला आणि तिसरा मिळून ही वाटणी भागते. एका चकरेत तीन उत्तरं देणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही. ती का होत नाही याचं कारण उघड आहे. ती झाल्यावर मालकाला दाखवायला हातात काहीच नसतं. जुनी कॉईल नाही, नवं खोकं नाही. फक्त "कॉईल चांगली आहे" ही बातमी असते आणि बातमीचे पैसे मागायला मेकॅनिकची जीभ रेटत नाही.

इंजेक्टरची चौकशीही तशीच साधी. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला टेकवली तर चालू इंजेक्टरची टिकटिक ऐकू येते. जो गप्प असेल त्याचा कनेक्टर आधी पाहायचा. दाबासाठी प्लगच्या जागी गेज लावून स्टार्टर फिरवायचा. पेट्रोल इंजिनात आकडा चौरस सेंटिमीटरला १० ते १३ किलोच्या आसपास येतो, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका. एकात दाब कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर पिस्टन रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने तेवढ्यापुरती फट बुजवली. तसाच राहिला तर वरचे व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली आले तर मधलं हेड गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. चमचाभर ऑइलने हेड खोलायचं की नाही याची दिशा मिळते. तरीही कितीतरी हेड आधी खुलतात आणि ऑइलचा चमचा नंतर कोणाला तरी आठवतो.

शिवाय काय बिघडलं हे कळलं तरी ते का बिघडलं हे उरतंच आणि इथे खरी गंमत आहे. प्लग बाहेर काढून त्याचा रंग पाहावा: फिका तपकिरी किंवा करडा असेल तर सिलिंडर सुखात आहे, कोरडा काळा काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, काळा ओला तुकतुकीत असेल तर ऑइल वर येतंय, अगदी पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा प्लग फार तापतोय. आणि ज्या खड्ड्यात तो प्लग बसतो त्या खड्ड्यातही बोट घालून पाहावं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक झालं की ऑइल झिरपून त्या खड्ड्यात साचतं, कॉईलच्या टोकाचं रबर त्यात भिजून फुगतं आणि ठिणगी प्लगच्या फटीत उडायच्या ऐवजी बाजूच्या लोखंडाकडे पळते. आता कॉईल खराब झाली हे खरं, ती बदलली की गाडी झकास चालू लागते हेही खरं आणि चार-सहा महिन्यांनी नवी कॉईलही त्याच तलावात बुडते हेही तितकंच खरं. मग मालक म्हणतो, "हल्लीचा माल टिकत नाही." दोन-तीनशे रुपयांच्या रबरी पॅकिंगचं नाव या साऱ्या प्रकरणात कोणी काढत नाही.

आपल्या हवापाण्याची काही खास कारणं आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर इंजिन चकाचक करून घ्यायची हौस असते. प्रेशरच्या पाण्याने बॉनेटखाली आंघोळ घातली की पाणी त्याच प्लगच्या खड्ड्यात उतरतं आणि गॅरेजच्या फाटकातून स्वच्छ होऊन निघालेली गाडी पहिल्या चढावरच अडखळते. पाऊस लागला की उंदीर कोरड्या, उबदार बॉनेटखाली बिऱ्हाड करतात आणि इंजेक्टरची वायर कुरतडतात. त्यावर तंबाखूची पुडी, डांबराच्या गोळ्या, बाजारातले फवारे असे उपाय लोक श्रद्धेने करतात. उंदीर तुटलेली वायर ठेवून जातो, कोड मात्र तोच ०३०२ येऊ शकतो, आणि दुकानात कॉईल तयारच असते. सीएनजीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे थकलेला प्लग किंवा दमलेली कॉईल गॅसवर आधी उघडी पडते. तीच गाडी पेट्रोलवर टाकली की गुमान चालते. मालक लगेच "गॅस किट खराब" असा निकाल देतो. असू शकतं, फिल्टर किंवा गॅसचे इंजेक्टर तुंबलेले असू शकतात; पण ठिणगी आधी तपासली तर बहुधा किटवाल्याशी होणारं भांडण टळतं. गॅसवर बराच काळ चालणाऱ्या काही इंजिनांत व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह आत सरकतो, टॅपेटची मोकळीक संपते आणि व्हॉल्व्ह पुरता बंद होईनासा होतो. यातली खोच अशी की मोकळीक कमी होताना टॅपेटचा आवाजही कमी होतो. गाडी बिघडत जाते आणि मालक "इंजिन किती शांत झालंय बघा" असं पाहुण्यांना सांगत असतो.

इतकं सगळं मांडलं की जुन्या अनुभवाचे लोक नाराज होतात. त्यांची हरकत अशी: हे कोड, गेज, अदलाबदल नव्या पोरांसाठी ठीक, खरा उस्ताद बॉनेटवर हात ठेवून आणि कान देऊनच ओळखायचा. मला या हरकतीबद्दल आदर आहे, पण ती माझ्याविरुद्ध जात नाही. उस्ताद करायचा काय ते आठवा. पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडर न्यूट्रलला चालू ठेवून तो एकेका प्लगची वायर काढायचा. वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर आधी काम करत होता. काढूनही काहीच फरक पडला नाही तर मेलेला सिलिंडर तोच. ही साधी वजाबाकी आहे. कान लावायचा तो शेवटी आणि तोही एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला. मुंबईत प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सींनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्ता सोडला. त्या इतकी वर्षं तगल्या त्यात या वजाबाकीचा वाटा मोठा असणार. आजच्या गाडीत चालू इंजिनवर कॉईल उपसायला जाऊ नये, हाताला झटका बसेल आणि कॉईलही जाईल. इंजेक्टरचा कनेक्टर काढून तोच प्रयोग होतो. उस्तादाची शिस्त टाकून फक्त त्याचा रुबाब उचलला गेला, ही तक्रार करायचीच तर नव्या पोरांबद्दल नव्हे, आपल्या सगळ्यांबद्दल करावी लागेल.

दुसरी हरकत व्यवहारी लोकांची. प्लग स्वस्त असतात, सगळे बदलून टाकले तर बिघडलं कुठे? किलोमीटर झाले असतील तर काहीच बिघडलं नाही. साध्या प्लगचं आयुष्य हजारांत मोजलं जातं, इरिडियमचं लाखाच्या घरात जातं आणि मुदत भरली की ते बदलावेतच. पण ती निगा झाली, निदान नव्हे. एकदम चार प्लग, चार कॉईल, थ्रॉटल बॉडीची सफाई आणि एक इंजेक्टर क्लीनरची बाटली एवढं केल्यावर गाडी सुधारली तर कशाने सुधारली हे देवालाही सांगता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे कशानेच सुधारलेली नसूनही ती सुधारल्यासारखी वाटते. भाग काढताना-बसवताना एखादा सैल कनेक्टर घट्ट बसतो, हिरवट गंज चढलेली पिन घासली जाते आणि मिसिंग थांबतं. श्रेय नव्या कॉईलला मिळतं. पुढच्या पावसाळ्यात पिन पुन्हा गंजते, गाडी पुन्हा तीनवर येते आणि या खेपेला सर्वांचं एकमत होतं की आता "इसीएम गेलाय", म्हणजे गाडीचा संगणकच. स्वस्त वस्तूपासून सुरू झालेला हा प्रवास गाडीतल्या सर्वांत महाग डब्यापर्यंत असा टप्प्याटप्प्याने पोचतो आणि प्रत्येक टप्प्यावर तो काटकसरीचाच वाटतो.

तिसरी हरकत संख्येने सर्वांत मोठी: "चालते ना? मग चालू दे." चालते, यात वाद नाही. फक्त चालताना आत काय होतं ते ऐका. जो सिलिंडर पेटत नाही त्यातली हवा न वापरलेली तशीच बाहेर पडते. पुढे ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. त्याला एवढा ऑक्सिजन दिसल्यावर तो संगणकाला कळवतो की मिश्रण पातळ आहे, इंधन कमी पडतंय. संगणक इमानदार, तो पेट्रोल वाढवतो. म्हणजे काम एकाने टाकलं आणि त्याच्यासाठी वाढलेला शिधा सगळ्यांच्या ताटात पडला. गाडीचं ॲव्हरेज घसरतं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली सम्पमध्ये उतरतं, उरलेलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. त्या कन्व्हर्टरच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या धातूंचा मुलामा असलेली सिरॅमिकची जाळी असते; ती वितळली की जी किंमत मोजावी लागते तीत कॉईलची पाच-दहा दुकानं फिरून येता येईल. काही गाड्यांचा संगणक हे टाळायला त्या सिलिंडरचं पेट्रोलच बंद करतो. मग गाडी अधिकृतपणे तीनवर चालते आणि मालक म्हणतो, "बघा, थोडी दमली होती, आता एका लयीत चालते."

राहिला मेकॅनिक. तो लुबाडतो, न लागणारे भाग गळ्यात मारतो, हा आरोप इतका सार्वत्रिक आहे की त्याची वेगळी हरकत म्हणून नोंद घ्यायलाही संकोच वाटतो. असे मेकॅनिक आहेतच. पण प्रामाणिक माणसाचा हिशेब मांडून पाहा. त्याने पंधरा मिनिटांत, डोकं वापरून, सैल कनेक्टर शोधला आणि टाय लावून घट्ट केला. किती मागणार? पन्नास रुपये मागितले तर दुकानाचं भाडं निघत नाही, पाचशे मागितले तर "नुसतं चिमटा लावायचे पाचशे?" म्हणून रस्त्यावर गर्दी जमते. त्याच गाडीत त्याने अडीच हजारांची कॉईल टाकली असती तर गिऱ्हाईकाने खोक्यावरचा होलोग्राम तपासून, जुनी कॉईल पिशवीत घालून, समाधानाने पैसे मोजले असते. बिलावर चार प्लग असतात, त्यावर वाद नाही. मजुरी असते, तिथे शंभर रुपये कमी करून घ्यायचा रिवाज आहे. आणि एखाद्याने भाबडेपणाने खाली "तपासणी: ६०० रुपये" असं लिहिलं तर गिऱ्हाईकाचं बोट नेमकं त्या ओळीवर येऊन थांबतं. "हे कशाचे?" मेकॅनिक सांगतो की काय बिघडलं ते शोधायचे. "ते तर तुमचं कामच आहे," गिऱ्हाईक म्हणतं आणि ओळ खोडली जाते. पुढच्या खेपेपासून तो माणूस त्याच ओळीत "इंजेक्टर क्लीनर, एक बाटली: ६०० रुपये" असं लिहितो. त्यावर कोणी काही विचारत नाही. फार चिकित्सक गिऱ्हाईक असेल तर रिकामी बाटली दाखवा म्हणतं. ती कपाटात असतेच.